डाव्या खिडकीतला हात

माझे मेव्हणे विश्रामराव केतकर यांनी नोकरीभर ब्रेक बनवले आणि उरलेल्या वेळात ते दाबले. थट्टा वाटत असेल तर एकदा त्यांच्या गाडीत बसून ठाकुर्लीहून कल्याणला जाऊन या. जाताना डबा बरोबर घ्या.

ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते ब्रेकच्या पट्ट्या तपासायचे. ब्रेक दाबला की चाक धरून ठेवते ती पट्टी. धावणारी वस्तू वेळेवर थांबते की नाही हे बघण्यात उमेदीची वर्षं गेली की माणसाचा स्वभाव कसा होतो, ते मला त्यांच्याकडे बघून कळलं. "गाडी कोणीही पळवतो रे धनेश," ते मला सांगतात, "थांबवता आली पाहिजे." हे ते इतक्यांदा सांगतात की त्यांना कसं थांबवायचं, हा प्रश्न मला पडतो.

मी धनेश, नीलाताईचा धाकटा भाऊ. ठाण्याला कोपरीत एकटा राहतो. लग्न केलं नाही, त्यामुळे दुसऱ्यांच्या संसारातलं मला जरा जास्तच दिसतं, असं ताईचं म्हणणं आहे. दर रविवारी मी त्यांच्याकडे ठाकुर्लीला जेवायला जातो आणि जेवता जेवता विश्रामरावांची खेचतो. त्यांना ते आवडत असावं. निदान अजून जेवण बंद झालेलं नाही.

विश्रामराव गाडी चालवतात सोवळ्यात. आधी गाडीभोवती प्रदक्षिणा, मग प्रत्येक टायरला बुटाची टिचकी, मग आरसे, मग सगळ्यांचे सीटबेल्ट स्वतः ओढून बघणं. घाटात 'अती घाई संकटात नेई' अशी पाटी दिसली की तिच्याकडे बघून मनापासून मान डोलावणारा मी पाहिलेला हा एकच माणूस. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे दोन्ही हात स्टिअरिंगवर. गिअर बदलायला डावा हात जातो तेवढाच, आणि तोही लगबगीनं घरी परततो. उजवा तर हलतच नाही. नाकावर माशी बसली तर सिग्नल लागेपर्यंत ते तिला बसू देतात.

आता आमच्या ठाकुर्ली-डोंबिवलीत इंडिकेटरला कोणी विचारत नाही. तो लावला तर मागच्याला वाटतं, चुकून राहिला असेल. इथे वळायचं तर हात दाखवावा लागतो. मग दोन्ही हात अडकवून बसलेल्या या माणसानं जुनी गाडी पंधरा वर्षं एक ओरखडा न पडू देता चालवली कशी? तर नीलाताईच्या हातामुळे.

जुन्या गाडीच्या डाव्या खिडकीचं काच फिरवायचं हँडल पहिल्याच वर्षी तुटलं आणि काच खाली गेली ती गेलीच. त्या उघड्या खिडकीतून ताईचा डावा हात बाहेर आला आणि त्याचं हळूहळू एक खातंच झालं. पंजा जमिनीकडे दाबला की 'थांब रे'. बोटं नुसती भुरभुर हलली की 'जा बाबा, तुलाच घाई'. एक बोट रोखलं की 'मी बघितलंय तुला'. आणि पाचही बोटं जुळवून हात तसाच राहिला की समजायचं, काकू चिडल्या, आज मागेच राहावं. ठाकुर्लीच्या रिक्षा स्टँडवरचा दौलत तर लांबूनच ओरडायचा, "काकूंचा हात आला रे, थांबा!" आणि अख्खी लाइन थांबायची. विश्रामरावांना वाटायचं, आपण सावकाश चालवतो म्हणून लोक मान देतात.

मागच्या दिवाळीत जुनी गाडी गेली आणि नवी आली. नवीला पुढे डोळे, मागे डोळे, बाजूला डोळे. जवळपास काही फिरकलं की ती टुंई टुंई करते. कुत्रं गेलं तरी टुंई, फुगेवाला गेला तरी टुंई. विश्रामराव माहितीपुस्तिका घेऊन सलग आठवडाभर तिच्यात बसले होते. ताईनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि आम्ही तिघं पहिली फेरी मारायला म्हणून माझ्या घरी कोपरीला निघालो. ती दोघं पुढे, मी मागे.

ठाकुर्लीचा उड्डाणपूल उतरल्यावर नेहमीची कोंडी झाली होती. गाडी उभी होती. डावीकडून एक रिक्षा नाक घुसवत होती. ताईनं सवयीनं काच खाली केली आणि हात बाहेर काढला.

"नीला, हात आत घे," विश्रामराव म्हणाले. "काच वर कर, एसी जातोय."

"अहो, रिक्षा घुसतेय."

"गाडी सगळं बघते आता. तुला बघायची गरज नाही."

ताईचा हात बाहेरच होता. विश्रामरावांनी आपल्या बाजूचं बटण दाबलं. गाडी उभी असल्यामुळे उजवा हात मोकळा होता ना! काच वर आली, ताईच्या मनगटाला टेकली, थबकली, आणि आपली आपण खाली गेली.

"बघितलंस?" विश्रामराव आनंदानं जवळजवळ ओरडलेच. "हाताला लागलं की आपोआप खाली येते! वा! धनेश, पाहिलंस का रे? काय पण सेन्सर आहे!"

मी पाहिलं होतं. बाजूच्या आरशात ताईचा चेहराही पाहिला होता. तिनं हात आत घेतला, ओढणीनं मनगट पुसलं आणि तो मांडीवर ठेवून दिला. कोपरीपर्यंत तो तिथेच राहिला. परतायच्या वेळी म्हणाली, "मी आज धनूकडेच राहते." दुसऱ्या दिवशी ट्रेननं घरी गेली, आणि त्यानंतर त्या गाडीत बसली नाही.

भांडण वगैरे काही नाही. आमची ताई भांडत नाही, तेच वाईट. विश्रामरावांनी विचारलं की कधी गुडघा दुखायचा, कधी मळमळायचं, कधी "इथेच तर जायचंय" असायचं. मग ती खाली उतरायची आणि दौलतच्या रिक्षात बसून जायची. एकदा दौलतनं विश्रामरावांना सोसायटीच्या गेटवरच गाठलं. "काय काका, नवी गाडी घेतली नि काकू माझ्या रिक्षात? गाडीत काय प्रॉब्लेम हाय काय?"

विश्रामरावांनाही तेच वाटत होतं, की प्रॉब्लेम गाडीत आहे. त्यांनी डावी सीट पुढे केली, मागे केली. पाठीला उशी आणली. वासाची बाटली बदलली. एसीची जाळी साफ करून घेतली. आयुष्य तपासणी खात्यात काढलेल्या माणसानं सगळं काही तपासलं, एक गोष्ट सोडून. शेवटी न राहवून मीच म्हणालो, "विश्रामराव, ताईची माफी मागा."

"कशाबद्दल?" ते खरोखरच गोंधळले. "काच तर खाली आली होती!"

मी आमटी वाढून घेतली.

पण एक सांगतो, मी कितीही खेचली तरी त्या दिवसांत मला त्यांची दया यायची. निघण्याआधी सगळ्यांचे सीटबेल्ट ओढून बघायची त्यांची सवय. आता डावी सीट रिकामी असायची, तरी त्यांचा हात जायचा आणि तो रिकामा पट्टा एकदा ओढून बघायचा. आणि इतक्या डोळ्यांची गाडी असूनही त्यांना चालवणं जमेना. ती टुंई करायची, हे थांबायचे. मागचे हॉर्न मारायचे, हे आणखी थांबायचे. एकदा तर त्यांनी आपल्याच सोसायटीच्या गेटच्या खांबाला गाडी घासली. आयुष्यातला पहिला ओरखडा. त्या रविवारी ते जेवले नाहीत नीट. "विकून टाकू या का रे?" मला हळूच म्हणाले. "एकट्यानं चालवायची तर गाडी हवीय कशाला?"

हे मी त्यांच्या मुलीला, कादंबरीला, फोनवर सांगितलं. ती चेन्नईला नोकरी करते. तिला आपल्या बापाचं एक जुनं गुपित ठाऊक होतं. कारखान्यातल्या पट्ट्या चाचणीसाठी चेन्नईजवळच्या रेसट्रॅकवर जायच्या. साहेब जायचे, पट्ट्या जायच्या. विश्रामराव ठाण्यात बसून, परत आलेली पट्टी किती झिजली ते बघायचे. त्या ट्रॅकचा एका कॅलेंडरवरचा फोटो कापून त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. उभ्या आयुष्यात साठच्या वर न गेलेल्या माणसाच्या कपाटात रेसट्रॅक! लोक कपाटात काय काय लपवतात.

तर त्याच ट्रॅकवर आता काही रविवारी तुमच्याआमच्यासारख्यांना स्वतःची गाडी चालवू देतात, असं कादंबरीनं शोधून काढलं. तिथलं एक हौशी मंडळ ते दिवस भरवतं. रेस लावायची नाही, नंबर काढायचे नाहीत. आपापली गाडी आणायची, शिकायची आणि धड घरी न्यायची. बाबांच्या वाढदिवसाची भेट म्हणून तिनं नाव नोंदवूनच टाकलं आणि मला बजावलं, "मामा, आईला घेऊन यायचं काम तुझं."

ताई यायला तयार झाली, पण अटीवर. "मी लेकीकडे येतेय, रेसला नाही. आणि त्या गाडीतून तर नाहीच." ती विमानानं गेली. विश्रामरावांबरोबर गाडीतून कोण गेलं असेल, ते ओळखा.

तो प्रवास मी विसरायचा प्रयत्न करतोय. कोल्हापूरपर्यंत आम्हाला ओलांडून गेलेल्या वाहनांत एक ट्रॅक्टरही होता. डाव्या खिडकीतून हात दाखवायची जबाबदारी आता माझ्यावर होती. हुबळीच्या अलीकडे एका टेम्पोला मी 'थांब' म्हणून हात केला. तो थांबला, शेजारी येऊन उभा राहिला आणि मला कुठे सोडायचं म्हणून विचारू लागला. तो गेल्यावर विश्रामराव एवढंच म्हणाले, "नीलाचा हात बघून लोकांना कळायचं." मी म्हणालो, "मग तिला सांगा ना तसं." ते पाटी वाचायला लागले. कानडीत होती.

इरुंगट्टुकोट्टई हे त्या रेसट्रॅकच्या गावाचं नाव. हे मी बघून लिहिलंय. विश्रामरावांनी मात्र येताना रस्ताभर पाठ केलं होतं. रविवारी सकाळी आम्ही चौघं तिथे पोचलो. ताई कादंबरीच्या गाडीतून आली. आमच्या आजूबाजूला बुटक्या, रुंद, गुरगुरणाऱ्या गाड्या आणि त्यांची विशीतिशीतली पोरं. मधोमध आमची पांढरी, बॉनेटवर अजून स्वस्तिकाची पुसट खूण असलेली, पुढे लिंबू-मिरची लटकवलेली.

लाल टोपी घातलेला एक प्रशिक्षक सगळ्यांच्या गाड्या तपासत होता. पहिला नियम, गाडीत सुटी वस्तू नको. वेगात ब्रेक लागला की ती उडून डोक्यात बसते. विश्रामराव गाडी रिकामी करू लागले. डॅशबोर्डवरचा गणपती, टिशूचा डबा, छत्री, खाकऱ्याचा डबा, आवळासुपारी, दोन पंचे, पाण्याच्या बाटल्या, ओल्या पायांसाठी वर्तमानपत्रं, आणि शेवटी ती पाठीची उशी. जमिनीवर एक बिऱ्हाड उभं राहिलं. लाल टोपीवाल्यानं विचारलं, "अंकल, शिफ्टिंग कर रहे हो क्या?"

मग नियम सांगायला सगळ्यांना सावलीत बसवलं. तो अर्धा-पाऊण तास विश्रामरावांच्या आयुष्यातला फार सुखाचा असावा. टायरमधली हवा अशी हवी, हेल्मेटचा पट्टा असा हवा, पहिली फेरी सावकाश, ब्रेक वळणाच्या आधी सरळ रेषेत, वळणात नाही. शेवटची फेरीही सावकाश, म्हणजे ब्रेक गार होतील. प्रत्येक नियमाला विश्रामराव मान डोलावत होते. ब्रेकची इतकी कदर करणारी माणसं त्यांना कारखान्याबाहेर प्रथमच भेटत होती. त्यांनी गरम झालेल्या पट्टीबद्दल असा काही प्रश्न विचारला की पोरं वळून बघायला लागली. लाल टोपीवाला म्हणाला, "गुड क्वेश्चन, अंकल." विश्रामरावांनी लांब बसलेल्या ताईकडे पाहिलं. ती कादंबरीशी बोलत होती.

आणि मग तो नियम आला. पुढच्याला ओलांडायचं ते फक्त सरळ रस्त्यावर, आणि तेही पुढच्यानं हात बाहेर काढून बाजू दाखवली तरच. इंडिकेटर चालणार नाही, तो चुकून राहिलेलाही असू शकतो. हात म्हणजे हात. हात नाही तर कोणीही पुढे जायचं नाही. म्हणून सगळ्या काचा पूर्ण खाली.

मी विश्रामरावांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली नव्हती.

नवशिक्यांच्या गटात त्यांना सोडलं. मी, ताई आणि कादंबरी वर पायऱ्यांवर बसलो. पहिली फेरी सुंदर झाली. ब्रेक सरळ रेषेत, वळण गोल, गाडी आखल्यासारखी. दुसऱ्या फेरीत त्यांच्या मागे एक निळी गाडी आली. मग एक पिवळी. मग आणखी. विश्रामरावांनी इंडिकेटर लावला. मागचे वाट बघत राहिले, कारण हात दिसत नव्हता. तिसऱ्या फेरीत आमच्या पांढऱ्या गाडीमागे अशी रांग लागली की मला मानपाडा रोडवरची सकाळ आठवली. मोठमोठ्या इंजिनांच्या त्या गाड्या गुरगुरत, शिस्तीत, विश्रामरावांच्या वेगानं चालल्या होत्या. वळणावरच्या माणसानं निळं निशाण हलवलं, म्हणजे 'मागच्यांना वाट द्या'. विश्रामरावांनी हेल्मेटमधूनच त्याला मान लववून नमस्कार केला.

"बाबा काय करतायत?" कादंबरीनं डोक्याला हात लावला.

मी ताईकडे पाहिलं. ती रांगेकडे बघत होती, आणि मांडीवरचा तिचा डावा हात उठला होता. बोटं भुरभुर हलत होती. जा बाबा, तुलाच घाई. माझं लक्ष आहे म्हटल्यावर तिनं हात खाली घेतला आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

विश्रामरावांना ट्रॅकवरून आत बोलावून घेतलं. लाल टोपीवाला खिडकीत वाकला. "अंकल, आप सेफ चलाते हो, बहुत अच्छा चलाते हो, लेकिन हाथ दिखाना पड़ेगा." पुन्हा सोडलं. या वेळी विश्रामरावांनी हात काढायचं ठरवलं असावं, कारण सरळ रस्त्यावर आल्याबरोबर गाडीचा वेग इतका कमी झाला की मला वाटलं पेट्रोल संपलं. उजवा हात खिडकीच्या कडेपर्यंत आला, गाडी जराशी हलली, हात परत गेला. पुन्हा आला. पुन्हा गेला. मागच्या निळ्या गाडीला करकचून ब्रेक मारावा लागला. पुन्हा आत बोलावणं आलं, आणि या वेळी लाल टोपीवाला हसत नव्हता. "सॉरी अंकल. ऐसे रिस्क है. पीछेवाले को भी और आपको भी."

मी धावत खाली पोचलो होतो. विश्रामराव हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. दुसऱ्याला आपल्यामुळे धोका, हे त्यांनी आजवर कोणाकडून ऐकलं नव्हतं. चेहरा उतरला होता त्यांचा. या माणसाची थट्टा करायची मला इच्छा झाली नाही, आणि असं माझं क्वचितच होतं.

"त्याला सांग," ते मला म्हणाले, "की आमच्या गाडीत हात दुसऱ्याचा असतो."

मी ते हिंदीत सांगितलं. लाल टोपीवाल्याला काही कळलं नाही, पण चौकशी केल्यावर एवढं समजलं की सावकाश चालणाऱ्या गटात हेल्मेट घालून शेजारी एक जण बसू शकतो, आणि त्यानं हात दाखवला तरी चालेल.

"मी बसतो," मी म्हणालो.

"तुझा हात मी हुबळीला पाहिलाय," विश्रामराव म्हणाले आणि गाडीतून उतरले.

ते पायऱ्या चढून वर गेले. मी मागोमाग गेलो. दुसऱ्यांच्या संसारातलं मला जास्त दिसतं म्हणतात, मग चांगलं काही दिसायची वेळ आली तर मी खाली का थांबू? कादंबरी सरकून बसली. विश्रामराव ताईसमोर उभे राहिले. घाम निथळत होता.

"नीला, गाडीला सगळं नाही गं दिसत," ते म्हणाले.

ताईनं पर्सची चेन लावली.

"म्हणजे तिला कोण आलं ते दिसतं. पण आलेल्याशी बोलता नाही येत तिला. ते तुलाच येतं. तू ये."

"काच?" ताई म्हणाली.

"काचा सगळ्या खालीच ठेवायच्या आहेत. इथला नियमच आहे."

मी कपाळावर हात मारून घेतला. इथवर येऊन माणूस पुन्हा नियमात शिरला! ताई दुसरीकडे बघू लागली. विश्रामरावही जायला वळले. दोन पायऱ्या उतरले, थांबले आणि परत वर आले.

"त्या दिवशी," त्यांनी विचारलं, "लागलं होतं का गं हाताला?"

एवढ्या महिन्यांत त्यांनी हे विचारलं नव्हतं. ताईनं डावं मनगट उजव्या हातात धरलं.

"हाताला नव्हतं लागलं," ती म्हणाली.

सेन्सरचं कौतुक विश्रामरावांना आत्ता आठवलं असणार, कारण त्यांचे कान लाल झाले. "चुकलंच माझं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. कादंबरीनं माझा शर्ट मागे ओढला.

ताई उठली. पर्स माझ्याकडे दिली. "धनू, हेल्मेट कुठे मिळतं ते बघ. आणि अंबाडा सोडावा लागेल का विचार."

अंबाडा सोडावा लागला. गाडीत बसल्यावर विश्रामरावांनी सवयीनं डावा पट्टा ओढून बघितला. या वेळी त्यात माणूस होतं. लाल टोपीवाल्यानं बोटानं एक दाखवलं, म्हणजे ही शेवटची संधी. गाडी सुटली.

सरळ रस्ता आला. मागे निळी गाडी लागलीच होती. डाव्या खिडकीतून हात बाहेर आला, सोन्याच्या पाटल्यांसकट, आणि बोटं भुरभुरली. निळी गाडी झपकन गेली. पिवळीवाला जरा बावरला, त्याला असला हात नवीन होता. ताईनं बोटं पुन्हा हलवली, या वेळी जरा झटकून, 'अरे जा की'. तो गेला. मागची सगळी रांग एकेक करत मोकळी झाली. एका वळणाआधी एक लाल गाडी नको तितकी जवळ आली तेव्हा हाताचा पंजा जमिनीकडे दाबला गेला, आणि ती लाल गाडी मुकाट्यानं मागे हटली. माझ्या शेजारी उभा राहून लाल टोपीवाला बघत होता. "ये आंटी कौन है?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "डोंबिवली." त्याला काय कळायचं ते कळलं असेल.

शेवटून दुसऱ्या फेरीत मागे कोणीच उरलं नव्हतं. हात आत गेला. सरळ रस्त्यावर आमची पांढरी गाडी जरा मोठ्यानं गुणगुणली आणि खरोखर पळाली. किती, ते विचारू नका. विश्रामराव नव्वद सांगतात, ताई शंभर सांगते, आणि वळणाच्या बरंच आधी, सरळ रेषेत, अगदी नियमाप्रमाणे लागलेला तो ब्रेक मी स्वतः पाहिला. असा ब्रेक लावायला माणसाला आयुष्यभर पट्ट्या तपासाव्या लागतात. मग शेवटची फेरी सावकाश, ब्रेक गार करत. उतरल्यावर ती पोरं ताईभोवती जमली. लाल गाडीवाला सॉरी आंटी, सॉरी आंटी करत होता. ताईनं त्याला जमिनीवरच्या बिऱ्हाडातल्या डब्यातून खाकरा दिला.

परतीचं विमानाचं तिकीट माझ्या वाट्याला आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यावर नाव बदलता येत नाही म्हणे. ताईनं ते सोडून दिलं आणि पुढच्या सीटवर बसली. मी पुन्हा गाडीत, आणि या वेळी मागे, त्या उशीसकट. रस्ताभर पुढे दोघांचं चाललेलं. "अहो, ट्रक." "बघितला." "येऊ दे त्याला." "दाखव हात." हुबळीला एक टेम्पो आम्हाला बघून थांबला आणि मागेच राहिला. तोच होता का, कोण जाणे.

हे झालं फेब्रुवारीत. परवा मे महिन्यातला रविवार होता, आणि जेवण झाल्यावर ती दोघं मला सोडायला कोपरीला निघाली. बाहेर ऊन रणरणत होतं. मी मागे बसलो आणि लक्षात आलं की डावी काच खालीच आहे. पुढे वाकून बघितलं तर विश्रामरावांच्या बाजूचं ते डाव्या काचेचं बटण चिकटपट्टीनं झाकलेलं होतं. नीट, कोपरे दाबून, कारखान्यातल्या माणसानं लावावी तशी. उड्डाणपूल उतरून आम्ही कोंडीत अडकलो. डावीकडून रिक्षा घुसत होती. ताईचा हात बाहेर गेला. "थांबा रे," दौलत मागे ओरडला, "काकू आल्या!"

माझा सदरा पाठीला चिकटला होता. "विश्रामराव," मी म्हणालो, "एसी जातोय."

त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

"जाऊ दे," म्हणाले.